दोर मेहुण्यानं धरायचा

“आवाज करू नगं,” मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला. “खाली मोहळं हायेत. काय बोलायचं ते कुजबुजून बोल.”

मी कुठं बोलत होते? माझी तर दातखीळ बसली होती. भैरवकड्याच्या काठावर आम्ही दोघं पालथे पडून खाली बघत होतो आणि खालून झिमाचं मुसमुसणं येत होतं. झिमा म्हणजे चिंधूमामाची एकुलती एक लेक, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आम्ही दोघी शेळ्यांमागं आलो होतो. एक करडू कड्याच्या उतरणीला लागलं म्हणून ही बया त्याच्यामागं गेली, पाय सटकला आणि पाच-सहा पुरुष खोल एका कपारीत जाऊन अडकली. करडू आपलं आलं की वर, आणि लांब हिरड्याखाली पाला खात उभं राहिलं. जनावराला काय त्याचं!

मामा जवळच राब भाजत होता, भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळत होता. मी धापा टाकत सांगितलं, तसा तो हातातली काठी टाकून घराकडे पळाला आणि आढ्याला टांगलेला दोर घेऊन आला. मामी पाण्याला गेली होती, तिला पत्ता नव्हता. बरंच झालं, म्हणाला. तिला कळलं असतं तर तिनं डोंगर डोक्यावर घेतला असता.

“कपारीचं तोंड बारीक हाये,” मामा म्हणाला. “माझा खांदा आत जायचा न्हाई. आन् मी उतरलो तर वर धरायचं कुणी? वाडीत गडी न्हाई एक. गोधे, तुलाच उतरावं लागंल.”

गडी सगळे देशावर कांदे काढायला गेले होते. मागं उरलेल्या म्हाताऱ्या माणसांच्यानं स्वतःचं धोतर सावरत नव्हतं, दोर कुठला सावरणार!

मी मामाच्या तोंडाकडे बघितलं आणि मग त्याच्या हातांकडे. त्याच हातांतून, त्याच कड्यावर, दोन वर्षांमागं माझा बाप गेला होता.

आता हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे कड्यावरचं आग्या मोहोळ काढायची एक रीत होती आणि ती मोडायची कुणाची टाप नव्हती. जो खाली उतरतो त्याचा दोर वर त्याच्या मेहुण्यानं धरायचा. बायकोच्या भावानं. सख्ख्या भावानं नाही. भाऊ कितीही जीव लावणारा असला तरी तो जमिनीतला वाटेकरी, दोर हातात असताना त्याची बुद्धी कधी फिरेल कुणी सांगावं! मेहुणा मात्र बहिणीचं कुंकू हातात घेऊन उभा असतो. तो कशाला सोडेल? म्हणून माझा बाप भोरू खाली आणि चिंधूमामा वर, अशी त्यांची जोडी होती. वर झाडबिड नसायचं. दगडाला टाचा रोवायच्या आणि नुसत्या हातांनी धरायचं.

बाप गेला तेव्हा मी दहा वर्षांची. त्यानंतर मी अशी काही भित्री झाले की विचारू नका. ओढा ओलांडायचा म्हटलं की रडायची. शाळेत गुरुजींनी नाव घेतलं की पुढच्या पोरीच्या पाठीमागं दडायची. बारकी बहीण माझ्यापेक्षा धीट, ती माझा हात धरून मला शाळेत न्यायची. आईनं अंगारेधुपारे केले, भगताला दाखवलं, काही उतार पडेना. मग आईनं गोष्ट सांगायला सुरुवात केली.

“तुझा बाप खाली लोंबकळत व्हता,” आई भाकरी थापता थापता सांगायची. “पायाखालचा दगूड सुटला. वर चिंधू घसरत घसरत कड्याच्या तोंडाशी आला. तुझ्या बापानं वर बघितलं. म्हणाला, दोन घरं उघडी पडाया नगंत. कमरेचा कोयता काढला आन् आपल्या हातानं दोर छाटला. डोळ्याचं पातं लवलं न्हाई त्याचं. असल्या वाघाची लेक तू, आन् वढ्याला भेतीस? लाज वाटू दे जरा.”

मी ही गोष्ट हजार वेळा ऐकली असेल. परीक्षेला जाताना, काटा काढताना, ताप आला तेव्हा. आणि खोटं कशाला बोलू, गुण आला. मी ओढा ओलांडायला लागले. शाळेत उभी राहून पाढे म्हणायला लागले. कुणी चिडवलं तर मान वर करून सांगायची, माझ्या बापानं स्वतःचा दोर छाटला, तुझ्या बापानं कधी साधी फांदी तरी छाटली का?

आता मी मोठी झाले, अंगणवाडीत शिकवते. परवा आम्हाला ट्रेनिंगला बोलावलं होतं. शहरातल्या एक मॅडम म्हणाल्या, पोरांना घराण्याच्या गोष्टी सांगा, आजोबा-पणजोबांनी काय सोसलं ते सांगा, त्यानं पोरं धीट होतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण डोलावली. पण कुठली गोष्ट सांगायची ते काही मॅडमनी सांगितलं नाही.

तर झालं काय, झिमा पडली त्याच्या आधीच्या आठवड्यात पाणवठ्यावर वाडीतल्या देवराम बुवाच्या नातीशी माझं भांडण झालं होतं. हंड्याच्या नंबरावरून. मी आपली नेहमीची तुतारी वाजवली, माझा बाप असा नि तसा. ती फिस्सकन हसली.

“छाटला म्हणं! अगं, दोर सगळाच्या सगळा खालीच व्हता. तुझ्या बापाच्या अंगावर वेटोळं पडलं व्हतं त्याचं. माझ्या आज्यानं उचलून आणला. छाटला असता तर वरचं टोक तुझ्या मामाच्या हातात ऱ्हायलं नसतं का?”

मी तिला हंडा फेकून मारला. घरी येऊन आईच्या हातचा मार खाल्ला. पण ते बोलणं माझ्या पोटात जाऊन बसलं होतं ते बसलंच. वाडीतले गडी मामाला आपल्याबरोबर का नेत नाहीत, त्याच्या हातात पुन्हा कुणी दोर का दिला नाही, हे माझं मला कळायला लागलं. त्याच्या तोंडावर कुणी काही म्हणत नसे. आईच्या गोष्टीनं सगळ्यांची तोंडं बांधली होती.

आणि आता तोच मामा माझ्या काखेखालून दोर घ्यायला आला होता. मी मागं सरकले.

“मामा, एक इचारू?”

“आत्ता? आगं, ती पोर खाली...”

“बाबाचा दोर कुणी सोडला?”

मामाचं तोंड पांढरं पडलं. खालून झिमा हाक मारत होती, बारीक आवाजात, “दादा... ये दादा...” ती बापाला दादा म्हणायची. मोहळांचा घूंऽऽ असा आवाज दगडातून माझ्या छातीला कळत होता.

“आई म्हणते त्यानं छाटला,” मी म्हणाले. “खरं सांग, न्हाईतर मी उतरत न्हाई. मरू दे तुझी लेक.”

हो, असंच म्हणाले. बारा वर्षांची पोर, पण तेवढं विष होतं माझ्यात त्या घडीला.

मामा मटकन खाली बसला. त्यानं मला मारलं असतं तरी मला कळलं असतं. पण तो इतक्या हळू बोलला की मला त्याच्या ओठांकडे बघावं लागलं.

“मी सोडला.”

“दगूड सुटला व्हता?”

“व्हय. दगूड सुटला, दाजीचं सगळं वजन दोरावर आलं. मी घसरत काठाला आलो. माझे पाय भाईर गेले गं, गोधे. खाली बघितलं आन् भ्यालो. हात उघडले.”

“आन् कोयता?”

“कोयता त्याच्या कमरंलाच व्हता.”

“काय म्हणाला तो?”

मी त्याचा खांदा धरून हलवला.

“काय म्हणाला माझा बाप?”

“म्हणाला, चिंधू, धर.”

“आजून?”

“आजून काय न्हाई. तेवढंच.”

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर मी किंचाळेन, त्याच्या नरडीचा घोट घेईन. पण मोहळं होती ना खाली, किंचाळायचीपण सोय नव्हती. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं. वाडीत आजवर मला जो तो सांगत आला होता, भिऊ नको, तुझा बाप भ्याला नाही. भीती म्हणजे जगात एकटीला मलाच झालेला रोग आहे असं मला वाटायचं. आणि हा मोठा बाप्या माणूस माझ्यासमोर बसून सांगत होता की मी भ्यालो. मला त्याचा राग आला होता, भयंकर राग आला होता, पण त्या रागाच्या खाली कुठंतरी मला बरंपण वाटलं. काय करणार, वाटलं खरं.

“आत्ता धरशील?” मी विचारलं.

देवाशप्पथ, लेकीची शप्पथ, असलं काहीतरी तो म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला, “धरीन असं वाटतंय. पर त्या दिशीबी मला तसंच वाटलं व्हतं.”

खालून पुन्हा हाक आली. मी हात वर केले.

“बांध,” म्हटलं.

त्यानं माझ्या काखेखालून दोर घेतला, गाठ तीनदा ओढून बघितली आणि अंगावरची घोंगडी काढून मला डोक्यापासून गुंडाळली. “मोहळाकडं बघायचं न्हाई,” म्हणाला. “दगडाकडं बघत उतर.” मग तो मागं गेला, एका दगडाला टाचा रोवून बसला आणि त्यानं मान हलवली.

मी उतरले. कशी उतरले ते मला विचारू नका. पायाला दगड लागायचा, सुटायचा, पुन्हा लागायचा. उजव्या अंगाला मोहळं लोंबत होती, काळी, जिवंत, आणि त्यांच्यावरून मधूनमधून लाट गेल्यासारखी थरथर जायची. वाटेत एकदा माझा पाय घसरला आणि मी दोरावर लोंबकळले. तेव्हा दोर हिसका खाऊन हातभर खाली आला. मग थांबला.

झिमा कपारीत वाकडी बसली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला. मला बघून ती रडायला लागणार तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात दाबला.

“रडलीस तर माश्या येतील. कपडा चाव.”

शहाणी पोर. परकराच्या टोकाचा बोळा तिनं तोंडात कोंबला. पाय सोडवताना तिनं तो बोळा चावून फाडला, पण आवाज केला नाही. मी माझ्या अंगावरचा दोर सोडला आणि तिला बांधला. दोनदा हिसका दिला, तशी ती वर निघाली. तिचा मोडका पाय माझ्या तोंडासमोरून गेला. थोड्या वेळानं ती काठावरून दिसेनाशी झाली.

आणि मी कपारीत एकटी राहिले.

तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं. मामाची लेक वर पोचली होती. खाली कोण होतं? त्यानं टाकलेल्या माणसाची पोर, जिला आत्ताच सगळं कळलं होतं. दुसरं कुणी बघायला नाही, ऐकायला नाही. उद्या मामानं वाडीला सांगितलं की पोरीचा पाय घसरला, तर वाडी काय म्हणणार? बाप गेला तशी लेक गेली, नशीब एकेकाचं. रीत सांगणाऱ्या जुन्या माणसांनी मेहुण्याचा विचार केला होता. भाचीचा कुणी केला नव्हता.

मी वर बघत राहिले. दोर येईना. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर वाटलं दिवस मावळेल. मी बापाची आठवण काढायचा प्रयत्न केला, तो कोयता, ते डोळ्याचं पातं न लवणं. काही उपयोग झाला नाही. तो बाप मला आता दिसेचना. मला नुसतं ऐकू येत होतं, चिंधू, धर.

मग दोराचं टोक कपारीसमोर आलं आणि हलायला लागलं. मी ते दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि काखेखाली बांधलं. मामानं झिमाला आधी हिरड्याखाली नेऊन निजवलं होतं, म्हणून उशीर झाला, हे मला मागून कळलं.

मी निम्म्याच्या वर आले असेन. तेवढ्यात वर मामीचा हंबरडा ऐकू आला. पाण्याहून आली, मामाला दोर घेऊन पळताना बघितलेल्या कुणीतरी सांगितलं, तशी धावत सुटली आणि लेकीचा पाय बघून तिनं जो गळा काढला! ती धावत काठाला आली तशी तिच्या पायाखालून दगड सुटले. एक माझ्या कानाशी वाजत गेला आणि थेट मोहळात पडला.

तो आवाज मी अजून विसरले नाही. कड्यानं श्वास सोडल्यासारखा झाला आणि उजवीकडचं सगळं काळं एकदम हवेत उठलं.

“मामा!” मी ओरडले. आता कुजबुजायचं काय राहिलं होतं? “मामा, धर!”

मी घोंगडीत तोंड खुपसलं. माश्या पावलांना डसल्या, पोटऱ्यांना डसल्या, पण घोंगडीतून त्यांचं फारसं चालेना. त्या वर गेल्या. वर उघड्या अंगाचा माणूस बसला होता आणि त्याच्या दोन्ही हातांत दोर होता. माशी मारायलासुद्धा त्याचा हात मोकळा नव्हता. मी त्याचं ओरडणं ऐकत होते. माणूस तसं ओरडतं हे मला माहीत नव्हतं. पण दोर वर चालला होता. थांबे, पुन्हा वर. थांबे, पुन्हा वर. काठावर माझे हात पोचले तेव्हा मामाचं तोंड ओळखू येत नव्हतं. मी काठावर आल्यावरही तो दोर ओढतच होता. त्याला दिसत नव्हतं मी आलेली.

मामीच्या मागोमाग आलेल्या देवराम बुवानं नि बायांनी ओला पाला पेटवून धूर केला तेव्हा माश्या हटल्या. मामाला खाटेवर घालून आमच्याच घरी आणलं, कारण मामी झिमापाशी होती. झिमाचं हाड पुढं बसलं, पण वाकडं बसलं. ती अजून पाय ओढत चालते. मामाचा एक डोळा गेला. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी तो जगतो की मरतो हेच कळत नव्हतं. अंगात ताप फुललेला, तोंड सुजून भोपळा झालेलं, आणि आई त्याच्या अंगातले काटे एकेक करून काढत बसली होती. बारकी दिवा धरून उभी होती. मी कोपऱ्यात.

मला ते आईला सांगायचं होतं. जीभ वळवळत होती. सांगितलं तर हिचा भाऊ जातो, नाही सांगितलं तर माझ्या पोटात सडतं. आईनं मामाची मूठ उघडली. तळहाताची साल निघून आतलं लाल मांस दिसत होतं, दोराचा पीळ त्याच्यात उमटलेला. ती त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिली.

“दोर धरला की हात असे व्हत्यात,” ती म्हणाली.

बारकीनं दिवा जवळ आणला.

“तुझ्या बापाला आणला त्या दिशी मी याचे हात बघितले व्हते. साधा वळ न्हवता.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तुला ठाऊक व्हतं?”

“हळू. जागा आसंल तो.”

“मग ती गोष्ट? कोयत्याची?”

“मीच रचली. हा तर आठ दिस तोंडच उघडत न्हवता. नवरा गेलाच व्हता गोधे, भाऊबी ढकलून देऊ कड्यावरनं? वाडीनं जगू दिलं असतं का याला? आन् तुम्हा दोघींना पायलीभर नाचणी कोण आणून घालणार व्हतं?”

मला रडू फुटलं. कड्यावर आलं नव्हतं ते आता आलं. “तू मला फशिवलंस. मी सगळ्या शाळेत सांगत फिरले. माझा बाप वाघ, माझा बाप भ्याला न्हाई. मी त्याच्यावर वढा वलांडला गं! आता माझ्यापाशी काय ऱ्हायलं? कसा व्हता माझा बाप, खरा कसा व्हता, ते सांग.”

आईनं मामाचा हात मांडीवर ठेवला.

“भित्रा व्हता. तुझ्यावानीच. कड्यावर जायचं आसलं की आदल्या दिसापासनं त्याला घास गिळत नसे. ताट पुढं घेऊन नुसता बसायचा. हात कापायचे. मला म्हणायचा, तान्हे, पोरींना दिसू देऊ नगंस.”

“मग जायचा कशाला?”

“तुमचं ताट भराया नगं व्हय?” आई म्हणाली, आणि बारकीला दिवा जरा खाली धरायला सांगून तिनं मामाचा दुसरा हात उघडला.